मामांचं चालणं

आमचे मामा माणसं पायांवरून ओळखायचे. चेहरे विसरायचे, नावं तर कधी लक्षातच ठेवायचे नाहीत, पण एकदा पाय बघितला की संपलं. रस्त्यात कोणी अडवून “ओळखलंत का?” म्हटलं की मामा आधी खाली बघायचे, मग वर बघून हसायचे. “ओळखलं की! डावा जरा सैल लागतो तुम्हाला.” हे ऐकून समोरच्याला आनंद व्हायचा की राग यायचा, याच्याशी मामांना काही देणंघेणं नसायचं.

चपलाबुटांच्या एकाच दुकानात त्यांनी उभी हयात काढली. उभी कसली, बसलेली म्हणायला हवी. गिऱ्हाईक खुर्चीत, समोर बुटक्या स्टुलावर मामा आणि मामांच्या मांडीवर गिऱ्हाइकाचा पाय. बूट चढवून झाला की म्हणायचे, “आता आरशापर्यंत जाऊन या.” माणूस नवे बूट बघत बघत आरशाकडे जायचा आणि मामा त्याचं चालणं बघत बसायचे. दुकानाच्या मालकाला वाटायचं, काय हा मन लावून काम करतो. मामा मनातल्या मनात त्या माणसाच्या मागोमाग चालत असायचे.

त्यातूनच त्यांना ती नक्कल जमायला लागली. घरी कोणी येऊन गेलं की मामा उठत, दारापर्यंत जात आणि परत येत, एवढंच. पण परत येणारे मामा नसत. एकदा त्यांनी समोरच्या घरातले निवृत्त हेडमास्तर असे काही आणले की आमच्याकडे बसलेल्या तळमजल्यावरच्या शिंपीणबाई पदर सावरून उठून उभ्या राहिल्या. “नुसते पाय टाकायचे असतात रे,” मामा मला सांगत. “पाय बरोबर पडले की पाठ येते. पाठ आली की मान येते. मग तोंडातून काय निघेल ते आपल्या हातात राहत नाही.” मी हसायचो. हसायला काय जातं?

एरवी मामा म्हणजे घुमे. मामी गेली तेव्हा त्यांची मुलगी, म्हणजे माझी मामेबहीण, चौथीत होती. मामीच्या हृदयाची झडप आखडली होती आणि ते कुणाला कळायच्या आत एका दुपारी ती जिन्यात बसली ती उठलीच नाही. “थोडं आधी आणलं असतं तर,” असं डॉक्टर म्हणाले आणि पुढची कित्येक वर्षं आमच्या घरातली झाडून सगळी मोठी माणसं तेच वाक्य उसासा टाकून म्हणत राहिली. मामा तेवढे म्हणाले नाहीत. त्यांनी लेकीची वेणी घालायला शिकून घेतलं, पोळी लाटायला शिकून घेतलं आणि तिला डॉक्टर केलं.

मी कॉलेजसाठी मामांकडे राहायला आलो तो तिथेच चिकटलो. छापखान्यात मुद्रितं तपासतो. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार मिळणारा आमच्या खानदानातला मी पहिलाच. ताई मला खोडरबर म्हणते. मीही तिला सोडत नाही, पण ती माझ्याहून मोठी आणि आता डॉक्टर, तेव्हा शेवटचा शब्द बहुतेक तिचाच असतो.

तर ताईची पदवी उन्हाळ्याच्या तोंडावर हातात पडली. लांबच्या एका शहरातल्या मोठ्या इस्पितळात रेसिडेन्सीची, म्हणजे पगारी शिकाऊ डॉक्टरची, जागाही मिळाली, ती हिवाळ्यात सुरू व्हायची होती. मधल्या काळात लायसन्सची परीक्षा द्यायची आणि पास झाल्याचा निकाल घेऊनच रुजू व्हायचं, असा नियम. निकाल नसेल तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला, आणि आपण वर्षभर पुन्हा रांगेत. एवढं साधं होतं. परीक्षा कधी द्यायची हे मात्र जिचं तिने ठरवायचं होतं आणि सगळं घोडं तिथेच अडलं.

त्यावर ज्याला त्याला मत होतं. तिचे प्राध्यापक म्हणाले, वाचलेलं ताजं आहे तोवर उरकून टाक. वरच्या वर्गातली मैत्रीण म्हणाली, वेडी आहेस का, आधी पोटभर झोप काढ, मग पुस्तक उघड. माझ्या आईने फोनवरून दोन्ही सल्ले एकाच दमात दिले. शिंपीणबाईंचा डॉक्टरीशी संबंध पांढऱ्या कोटाच्या बाह्या आखूड करण्यापुरता, पण त्याही म्हणाल्या, “लवकर दे गं बाई, विसरायला होतं.” ताईने सगळ्यांचं ऐकलं, लगेचची तारीख घेतली आणि ती जवळ आल्यावर पुढची घेतली. तयारी झाली नाही म्हणाली. आता ही मुलगी झोपेतसुद्धा औषधांची मात्रा सांगते. मला ते कारण काही पटलं नाही.

लेखी परीक्षेची तिला फिकीर नव्हती. घोर होता तो प्रत्यक्ष परीक्षेचा. त्यात म्हणे ओळीने खोल्या असतात आणि प्रत्येक खोलीत एक खोटा पेशंट. चांगला धडधाकट माणूस, दुखणं पाठ करून आलेला. उमेदवाराने त्याला विचारायचं, तपासायचं, निदान करायचं. पेशंटला सक्त ताकीद असते की विचारलं तेवढंच सांगायचं. आपणहून एक अक्षर नाही. आणि सगळं झाल्यावर उमेदवाराने एक प्रश्न विचारायचाच असतो, त्याला वेगळे मार्क असतात: “आणखी काही सांगायचं राहिलंय का?” घंटा वाजली की पेशंट बोलता बोलता असेल तरी उठून बाहेर जातो.

याचा सराव घरी करायचा तर खोटा पेशंट हवा. घरात असा बसल्या जागी शंभर माणसं होणारा माणूस असताना बाहेर कशाला शोधायचा? मामा दुकानातून संध्याकाळी आले की चहा व्हायचा आणि आम्ही मागच्या खोलीत जमायचो. ताई टेबलाशी, मी कोपऱ्यात स्वयंपाकघरातला टायमर घेऊन. ताईच्या पुस्तकातलं एक दुखणं मी चिठ्ठीवर उतरवून मामांना द्यायचो. मामा चिठ्ठी वाचायचे, बाहेर जायचे, दार लावून घ्यायचे. मग टकटक. मग पेशंट.

सुरुवातीला आमची हसून हसून मुरकुंडी वळायची. पोटदुखीला मामांनी आमचा पोस्टमन आणला. पाठदुखीला हेडमास्तर आणले आणि ते ताईलाच व्याकरणाच्या चुका सांगायला लागले. टायमर वाजला की मामा तडक उठून बाहेर जायचे आणि आपल्या पावलांनी आत येऊन विचारायचे, “किती मार्क?”

मार्क छान असायचे. फक्त एक गोष्ट मला खुपायला लागली, चुका काढायची सवय वाईट. ताई तो शेवटचा प्रश्न विचारायची नाही. सगळं नीट विचारून, तपासून, निदान सांगून व्हायचं आणि मग ती हात पुसत बसायची.

“वेळ पुरला नाही,” ती म्हणायची.

“अगं, टायमर माझ्या हातात आहे. वेळ लोळत पडला होता.”

“तू मुद्रितं तपास, खोडरबर.”

विसरत असेल, येईल लक्षात, म्हटलं.

मग तो दिवस आला. चिठ्ठी मीच लिहिली होती, पुस्तकात समोर आली ती: पस्तिशीची बाई, दम लागतो. बाकी काही माझ्या मनात नव्हतं, शपथेवर सांगतो. मामांनी चिठ्ठी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि बाहेर गेले. बराच वेळ टकटक झालीच नाही. मग खोलीबाहेरच्या बोळातून आवाज यायला लागला. फट्, फट्. सैल चपलेची टाच जमिनीवर आपटते तसा. मामा घरात अनवाणी असतात. अनवाणी माणसाची चप्पल कशी वाजते हे मला विचारू नका, मी ऐकलं तेवढं सांगतोय.

दार उघडलं. मामा आत आले ते उजवा तळवा भिंतीवर सपाट टेकून, मान किंचित कलती, भिंतीपलीकडचं कोणी काही सांगतंय आणि आपण ऐकतोय अशी. मी लहानपणी सुट्टीत इथे यायचो. जिन्याच्या प्रत्येक वळणावर असं थांबणारं एकच माणूस मला माहीत होतं.

ताईच्या हातातलं पेन खाली पडलं. तिने ते उचललं, वही सरळ केली आणि म्हणाली, “या. बसा. काय त्रास होतोय?”

“दम लागतो,” मामा म्हणाले. आवाज बारीक केलेला नव्हता, मामांचाच होता. पण शब्दांच्या मधल्या जागा त्यांच्या नव्हत्या.

“कधीपासून?”

“जिना चढताना लागायचा. आता बसल्या बसल्यापण लागतो.”

“झोपताना उशा किती घेता?”

“तीन. आडवं झालं की गुदमरतं.”

“पाय सुजतात?”

“सुजतात ना. ह्यांनी एक नंबर मोठ्या चपला आणून दिल्या. ह्यांना वाटतं, मी अंगाने भरले. किती खूश झालेत.”

ताईने लहानपणच्या तापाचं विचारलं, सांधे सुजले होते का विचारलं, नाडी बघितली, छातीला स्टेथोस्कोप लावला. मग म्हणाली, “हृदयाची झडप आखडलीय. उपचार आहेत.” आणि गप्प बसली. टायमरमध्ये भरपूर वेळ होता. समोर मामा मांडीवर हात ठेवून तिच्याकडे बघत होते, विचारेल म्हणून. तिने विचारलं नाही. घंटा वाजली तसे मामा उठले आणि भिंतीला धरून बाहेर गेले.

परत आले तेव्हा मामाच होते. “किती मार्क?” म्हणाले. ताईने वही मिटली, मी टायमर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गुडघेदुखीच्या आजोबांची चिठ्ठी दिली. फट्, फट्. तळवा भिंतीवर. “दम लागतो,” मामा म्हणाले. तिसऱ्या दिवशी कानदुखी दिली. मामी आली. चिठ्ठीवर काहीही लिहा, येणार मामीच. “मामा, चिठ्ठीत काय लिहिलं होतं?” मी नंतर विचारलं. “कानदुखी,” मामा म्हणाले. “मी कानदुखीच सांगितली ना?” ते चेष्टा करत नव्हते. त्यांना चेष्टा करताना मी ओळखतो, डावी भुवई वर जाते. ती जागची हलली नव्हती.

मी म्हटलं, पुरे झाला सराव, बंद करू. केला बंद. त्या संध्याकाळी आम्ही तिघं बाहेरच्या खोलीत चहा प्यायलो, मामा कप विसळायला म्हणून आत गेले, मी आणि ताई मागच्या खोलीत पुस्तकं आवरायला गेलो. दारावर टकटक झाली. मी दार उघडलं. मामा भिंतीला हात टेकून उभे. माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाले, “डॉक्टर आहेत का?” ताई म्हणाली, “येऊ दे.”

ते दिवसाही व्हायला लागलं. मामा जिन्याच्या वळणांवर थांबायला लागले. रात्री तीन उशा घेऊन टेकून झोपायला लागले. ताई घाबरली, कुठलीही मुलगी घाबरेल. तिने त्यांना आपल्या कॉलेजच्या इस्पितळात नेलं. इसीजी झाला, इको झाली, रक्त झालं. मामा ठणठणीत. मोठ्या डॉक्टरांनी मामांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “हृदय विशीतल्या पोराचं आहे.” मामा घरी आले आणि पहिल्या वळणावर थांबले. मान कलती करून.

दुकानाच्या मालकाने मला एकदा बाजूला घेतलं. म्हणाला, “मामांचं बरं आहे ना घरी? गिऱ्हाइकाला बूट घालून देतात आणि स्वतःच आरशापर्यंत चालत जातात. तिथे उभे राहून आरशात पायांकडे बघत बसतात. लोक घाबरतात हो.” मी म्हटलं, डोळ्यांचा नंबर वाढलाय. दुसरं काय सांगणार?

या सगळ्यात ताईने दुसरी तारीखही पुढे ढकलली. आता उरली ती शेवटची. त्यापुढच्या परीक्षेचा निकाल लागेपर्यंत रेसिडेन्सी सुरू झालेली असणार होती आणि जागा गेलेली. मला राग आला. एवढी वर्षं घासलेली पोरगी, एवढी वर्षं राबलेला बाप, आणि एका प्रश्नापायी सगळं पाण्यात चाललेलं. मी तिला गच्चीवर गाठलं. ती कपडे वाळत घालत होती.

“ताई, तो शेवटचा प्रश्न विचारून टाक एकदा.”

“कशाला?”

“मामा तेवढ्यासाठीच येऊन बसतात, दिसत नाही तुला? विचारल्याशिवाय सांगायचं नाही, असं तूच शिकवलंस त्यांना.”

ती चिमटा हातात धरून उभी राहिली. “विचारला तर ती सांगेल ना,” ती म्हणाली.

“ती कोण? बाबा आहेत तुझे.”

“मग तू विचार.”

मी काही विचारलं नाही. छाती झाली नाही माझी. दुसऱ्यांच्या चुका काढायला जिगर लागत नाही, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ताईची बॅग भरलेली होती आणि ती खुर्चीत बसून होती. “जाणार आहेस ना?” मी विचारलं. “बघू,” ती म्हणाली. म्हणजे जाणार नव्हती. तिचं ‘बघू’ मला पाठ आहे. बाहेर अजून उजेड होता, खालून शिंपीणबाईंच्या मशीनचा आवाज येत होता. बोळातून फट्, फट् सुरू झालं. मी टायमरची चावी फिरवली. कशाला फिरवली मला माहीत नाही, सवयीने.

मामा येऊन बसले. ताईने एकेक प्रश्न विचारला. दम, उशा, सूज, चपला. उत्तरं तीच. तपासून झालं. खाली मशीन थांबलं होतं. ताईने दोन्ही हात टेबलावर ठेवले. मला वाटलं, आता उठेल आणि आत निघून जाईल.

“आणखी काही,” ती म्हणाली. तिने वही बाजूला सरकवली. “आणखी काही सांगायचं राहिलंय का?”

“राहिलंय,” मामा म्हणाले.

किती वेळ वाट बघत होते त्या प्रश्नाची, असा त्यांचा चेहरा सैल झाला.

“खोकल्यातून रक्त पडलं होतं. बेसिनमध्ये. लेक दात घासायला आली होती, तिने बघितलं. मी म्हटलं, बाबांना सांगू नकोस. तुझी सहामाही होऊ दे, मग आपण दोघी जाऊ डॉक्टरकडे. तिने नाही सांगितलं. पेपर देऊन यायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची.” मामा थांबले. श्वास घेतला. “तिची परीक्षा हे नुसतं निमित्त होतं हो डॉक्टर. मलाच भीती वाटत होती. गेलं की कळणार, म्हणून मी आपली रोजचं उद्यावर ढकलत होते. पोरीच्या परीक्षेच्या आड लपले मी. तिचा त्यात काय दोष? तिला एवढं सांगा. तिला म्हणावं, तू—”

टायमर वाजला.

मामा उठले. नियम म्हणजे नियम. “आई, थांब!” ताई ओरडली, खुर्ची मागे पडली, पण तोवर ते दाराबाहेर गेले होते. फट्, फट् करत आवाज बोळातून, स्वयंपाकघरावरून, बाहेरच्या दाराकडे गेला. नेहमी इथवर जाऊन मामा परत यायचे. आवाज जिना उतरायला लागला. मी धावलो.

मामा पहिल्या वळणावर उभे होते, अनवाणी, खाली तोंड करून. मी हळूच हाक मारली. त्यांनी वर बघितलं आणि चक्क त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, “झालं का तुमचं? किती मार्क?” मला रडूच फुटलं. मी म्हटलं, “पैकीच्या पैकी, मामा.”

ताई तिथेच जमिनीवर बसून रडत होती. लहान पोर रडते तशी, तोंड न झाकता. मग तिने मला सांगितलं. बेसिनमधलं रक्त तिने बघितलं होतं. चौथीची सहामाही चालू होती. सहामाहीचा शेवटचा पेपर देऊन ती घरी आली तेव्हा जिन्यात माणसं जमली होती. पुढे प्रत्येक जण “थोडं आधी आणलं असतं तर” म्हणायचा तेव्हा ती तिथेच असायची, कुणाच्या तरी मांडीवर. तिने हे आजवर कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांना तर नाहीच.

“मग त्यांना कसं कळलं?” मी विचारलं.

“तेच तर,” ती म्हणाली.

मी मामांना विचारलं, ताई झोपल्यावर, अगदी आडून आडून. मामीला खोकल्यातून कधी रक्त वगैरे पडायचं का? मामा उशा रचत होते. म्हणाले, “छे. तसलं काही असतं तर मी तिला उचलून नेली असती. का रे?” मी म्हटलं, काही नाही, सहज. ते तिसऱ्या उशीवर टेकले. “मी तिच्यासारखा चालतो तेवढंच,” ते म्हणाले. “पुढचं मला ऐकू येत नाही.”

ताई गेली परीक्षेला. पहाटे उठून, डोळे सुजलेले, पण गेली. लेखी झाली, मग त्या ओळीतल्या खोल्या झाल्या. तिने म्हणे प्रत्येक खोलीत तो प्रश्न विचारला, आणि प्रत्येक खोलीतला पेशंट “नाही, झालं सगळं सांगून” म्हणाला. “मला इतकं हायसं वाटलं,” ती म्हणाली, “की एकाला मी थँक्यू म्हणून बसले.” निकाल वेळेवर लागला. चांगल्या मार्कांनी पास. माझ्या आईने फोनवरून सांगितलं की तिने आधीच म्हटलं होतं, आणि ते खरंच होतं, कारण तिने सगळंच म्हटलं होतं. हिवाळा लागला तशी ताई आपल्या दोन बॅगा घेऊन रेसिडेन्सीला रुजू झाली.

मी समजत होतो, आता सगळं जागेवर येईल. मामांना जे सांगायचं होतं, किंवा मामीला म्हणा, ते सांगून झालं होतं. टकटक बंद झाली, तेही खरं. मामा पुन्हा चेष्टा करायला लागले, जेवायला लागले, दुकानात वेळेवर जायला लागले. पण चालताना हात भिंतीकडे जायचाच. वळणावर पाय थांबायचेच. दम बिम काही लागलेला नसायचा. नुसते उभे राहायचे, मान कलती करून, आणि मग पुढे जायचे.

मी म्हटलं, “मामा, सोडा ना आता ते.”

“काय सोडू?”

“मामीचं चालणं.”

मामा खाली आपल्या पायांकडे बघायला लागले. दुकानातल्या आरशासमोर काय चालायचं ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं. “मी दुसऱ्याचा झालो की परत यायला काही करावं लागायचं नाही,” ते म्हणाले. “आपोआप यायचो. आता शोधतोय. सापडत नाही.” मग जरा ओशाळून त्यांनी विचारलं, “मी कसा चालायचो रे?”

या माणसाच्या घरात मी इतकी वर्षं काढली. त्यांच्या हातचं खाल्लं. हेडमास्तरांचं चालणं मी सांगू शकतो, पोस्टमनचं सांगू शकतो, कारण ते मामांनीच दाखवलं होतं. मामांचं चालणं मला येत नव्हतं. तरी मी उठलो. खोलीभर चालून दाखवलं, जरा वाकून. “असे?” मामा स्टुलावर बसल्यासारखे खुर्चीच्या कडेला बसून बघत होते. “नाही,” ते म्हणाले. “हा तू आहेस.” मी टाचा घासून दाखवल्या. “हे दुकानाचे मालक.” शिंपीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “चालतात आपले, माणसासारखे.” माझ्या आईला, म्हणजे त्यांच्या सख्ख्या बहिणीला विचारलं. ती म्हणाली, “दादा होय? तो बसलेलाच असायचा.”

शेवटी मी ताईला फोन लावला. इस्पितळात तिची गडबड चालू होती, मागे कुणाची तरी हाक, ट्रॉलीचा खडखडाट. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, तू तरी आठव. तुझा बाप आहे. कसे चालायचे?

ती कुठेतरी बाजूला गेली असावी, मागचे आवाज कमी झाले. मग ती म्हणाली, “बाबा नेहमी माझ्या मागून यायचे रे. शाळेत, क्लासला, कॉलेजच्या पहिल्या दिवशी. माझ्यावर लक्ष राहावं म्हणून. मी कधी मागे वळून बघितलंच नाही.”

तिला कोणीतरी बोलावलं. तिने फोन ठेवला. मी वळलो तर मामा दारात उभे होते, तळवा भिंतीवर टेकून.

“काय म्हणाली?”

“आठवून सांगते म्हणाली.”

“बरं,” मामा म्हणाले. “घाईत असेल. सावकाश सांग म्हणावं.”